बायकोची संमती

प्रिय ताई,

फोन न करता पत्र लिहितेय, म्हणून घाबरू नकोस. घाबरायचं काम सध्या मी एकटीच पुरेसं करतेय. फोनवर मी बोलत सुटते आणि तू नुसतं 'हं' म्हणतेस. या वेळी तुझं 'हं' मला पुरणार नाही. मुली शाळेत आहेत, नवरा कामावर. समोर टेबलावर एक कागद आहे आणि तो दिसू नये म्हणून मी त्यावर ताट पालथं घातलंय. हसतेस ना? हस. चारशे कामगार बायकांपुढे माईकशिवाय गरजणारी तुझी बहीण एका कागदाला भिऊन बसलीय.

माझ्या नवऱ्याला बाबांसारखं डीकन व्हायचंय, चर्चची दीक्षा घेऊन संसार-नोकरी सांभाळत वेदीपाशी उभं राहायचंय. मला वाटलं होतं, अभ्यासाचा कंटाळा येऊन सोडेल. पण चार वर्षं संपत आली आणि गडी हटला नाही. आता बायकोची लेखी संमती रविवारी द्यायचीय. त्यातली ती ओळ तुला ठाऊकच आहे: दीक्षेनंतर पत्नी वारली तर पतीला पुन्हा लग्न करता येणार नाही, हे मला समजले आहे.

आईनं सही केली तेव्हा मी सहा वर्षांची होते, पण तिचं हसणं अजून कानात आहे. शेजारणीला म्हणाली होती, "मी मेल्यावर हा दुसरी आणणार नाही, असं बिशपसमोर लिहून मिळतंय. कुठल्या बायकोचं एवढं नशीब असतं गं?" दोघी हसून हसून लोळल्या. दोन वर्षांनी आई तापात गेली. तिच्या दफनाच्या प्रार्थना बाबांनीच म्हटल्या. आवाज जरासुद्धा हलला नाही. मी तुझ्या फ्रॉकचा पट्टा घट्ट धरून उभी होते. आई गेली याच्यापेक्षा मला त्या न हलणाऱ्या आवाजाची जास्त भीती वाटली होती.

तसे बाबा भित्रेच होते, नाही का? प्रवचनाच्या आदल्या दिवशी कागद हातात घेऊन घरभर फेऱ्या मारायचे. मला समोर स्टुलावर बसवायचे आणि म्हणायचे, "तोफ, कुठं चुकतंय सांग." मी सांगायचे, "बाबा, चार मिनिटांत काय होतंय? लोकांना रडवा जरा!" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला भाषण नको असतं, दार उघडलेलं हवं असतं. चौतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. सकाळी एखाद्या बाळाचा बाप्तिस्मा आणि दुपारी कुठल्या तरी इमारतीत दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या बाईशी फटीतून गप्पा, तिचा जीव घाबरा होऊ नये म्हणून. कितीही घासली तरी नखांतली ग्रीसची काळी रेघ जायची नाही. वेदीपाशी ते हात वर करायचे तेव्हा मला लाज वाटायची. आता त्या लाजेची लाज वाटते.

आई गेल्यावर सहा महिन्यांनी फादर घरी आले होते, ते तुला आठवतं का? मी टेबलाखाली बसून बुटांच्या नाड्या ओवत होते. फादर म्हणाले, "धाकटी लहान आहे, दुसऱ्या लग्नासाठी सूट मागता येते. वर अर्ज करून तर बघा." बाबांनी तुझ्याकडे पाहिलं. तू पातेलं घासत होतीस. मागे न वळता म्हणालीस, "गरज नाही. मी आहे की." तू सोळा वर्षांची होतीस, ताई. अर्ज गेला नाही. पुढं तू कॉलेजात गेली नाहीस, आणि तुला पाहायला आलेल्या त्या छपाईवाल्याला "धाकटीचं शिक्षण होऊ दे" म्हणून थांबवलंस. तो किती थांबणार? माझं शिक्षण मात्र झालं. पुस्तकं झाली, व्यासपीठं झाली.

गेल्या वर्षी बाबांच्या दफनाला मी वीस मिनिटं बोलले. त्यांनी लग्न लावलेली जोडपी होती, लिफ्टमधून सोडवलेली माणसं होती, सगळी रडली. "या माणसानं दिलेला शब्द पाळला!" असं मी गरजले तेव्हा माझी नजर तुझ्यावर गेली. तू शेवटच्या रांगेत, मान खाली. तू रडत नव्हतीस. शब्द बाबांनी दिला, पण पाळला कुणी? त्या नियमाविरुद्ध मी तासभर बोलू शकते, दाखल्यांसकट. पण मला नियमाची भीती वाटत नाहीये.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. डाव्या काखेत गाठ लागलीय. तुकडा काढून तपासायला दिलाय, निकाल सोमवारी, म्हणजे सहीच्या दुसऱ्या दिवशी. घरात कुणाला माहीत नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो त्याच क्षणी कागद फाडेल आणि पुन्हा कधी विषय काढणार नाही. त्याचं एवढं मोठं काही मला हिरावून घ्यायचं नाही. पण माझी मोठी सात वर्षांची आहे, धाकटी चार. न सांगता सही केली आणि मी गेले, तर मोठीच्या नशिबी काय येईल, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? म्हणून तुला विचारते. पंचवीस वर्षांत एकदाही विचारलं नाही, कारण उत्तराचा फायदा मला झाला होता. त्या दिवशी 'गरज नाही' म्हणालीस, ते खरं होतं का? घरात दुसरी बाई यायला हवी होती का तुला? 'हो' लिहिलंस तर उत्तर येईल त्याच संध्याकाळी त्याला सगळं सांगेन. 'नाही' लिहिलंस तर तू खरं लिहिलंयस की नेहमीसारखी मला सांभाळून घेतेयस, हे मला कसं कळेल? ताई, या वेळी मला सांभाळू नकोस.

तुझीच,
तोफ