भागीदाराचा शर्ट

८ फेब्रुवारी २०२३, पुसद

नौशादचा पाय मोडला. महागाव रस्त्यावर समोरून कापसाची गाडी आली, तो कडेला घ्यायला गेला आणि घसरला. पार्सलं शाबूत. अमरसिंगनं आधी तेच विचारलं. अमरसिंग आमच्या हबचा मॅनेजर. हब म्हणजे बंद पडलेल्या जिनिंगची शेड. अजून पार्सलांना रुई चिकटते.

कंपनीला फोन लावला. उत्तर नम्र आलं — नौशाद आमचे कर्मचारी नाहीत, डिलिव्हरी भागीदार आहेत, त्यांना लवकर बरं वाटो.

भागीदार! हा शब्द मलाही आवडायचा. काम धरलं तेव्हा बायकोला, प्रेरणाला, ऐटीत सांगितलं होतं, ही नोकरी नाही, भागीदारी आहे. ती म्हणाली, "मंग नफा कवा वाटून देतेत?"

९ फेब्रुवारी

नौशादचा आयडी बंद. ॲपवर लिहून येतं — 'आपण सध्या निष्क्रिय आहात.' दवाखान्यात पाय टांगलेला. मला मोबाईल दाखवून म्हणाला, "झूठ थोडी लिहिलं, प्रोफेसर."

१२ फेब्रुवारी

कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज करायचं ठरलं. अर्ज मी लिहायचा. का, तर मी मराठीचा एम. ए. आणि काही वर्षं कॉलेजात शिकवलेलं. म्हणून तर सगळे प्रोफेसर म्हणतात. तिथंही मी कर्मचारी नव्हतो, तासिका तत्त्वावर होतो. या विषयात माझ्याइतका अनुभवी माणूस जिल्ह्यात मिळणार नाही!

१५ फेब्रुवारी

अर्ज झाला. तीन पानं. एकही विशेषण नाही. मुद्दा पहिला — आम्हाला गणवेश आहे. धनी गणवेश घालत नाही, चाकर घालतो. या वाक्यावर मी बराच वेळ खूश होतो. एक परिच्छेद माणसाच्या प्रतिष्ठेवर.

प्रेरणानं वाचला. "मस्त हाय. पण तुम्ही मांगून काय राह्यले?"

मागणीच लिहायची राहिली होती. नौशादचा पाय पहिल्या ओळीत मोडतो आणि शेवटच्या ओळीपर्यंत तसाच राहतो. शेवटी तिनंच सांगितलं ते लिहिलं — त्याला कर्मचारी माना, इलाजाचा खर्च आणि भरपाई द्या, कामावर परत घ्या. अख्ख्या अर्जात तेवढंच वाक्य कामाचं. ते माझं नाही.

२१ फेब्रुवारी

पुंडलिकरावांकडे पार्सल. भाव येईल म्हणून कापूस घरातच ठेवलाय. ओसरीपासून न्हाणीपर्यंत कापूस. पार्सल खिडकीतून घेतलं. शर्टाकडे बघत म्हणाले, "कंपनीनं कपडा बरा देल्ला तुमाले." मी मान डोलावली.

डोलावली!

१० मार्च

तारीख मिळाली. अठ्ठावीसला यवतमाळ.

२८ मार्च

सकाळच्या एसटीनं हबवरचे आम्ही चौघं गेलो, चौघं मरून रंगाच्या शर्टात. तशी सूचना माझीच. नौशाद कुबडीवर, त्यात रोजा.

कामगार अधिकारी मॅडम. समोर कंपनीचा नागपूरचा वकील, त्याच्यामागे अमरसिंग. वकील म्हणाला, ही माणसं वाटेल तेव्हा ॲप चालू करतात, वाटेल तेव्हा बंद. गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचं. मग माझा अर्ज हातात धरला. "गणवेश कंपनीनं दिला?"

नौशाद म्हणाला, "नाई साहेब. मामूनं शिवला."

मी डोळे मिटले.

खरंच होतं. दोन वर्षांपूर्वी गावात कुणी दार उघडेना, कुत्री मागं लागायची. एकसारखे शर्ट शिवू, ही कल्पना माझी. नौशादचे मामा अब्दुल गनी टेलर. त्यांनी खोक्यावरची खूण बघून खिशावर भरली. शिलाई आम्हीच दिली. पण दोन वर्षं घालून घालून तो मला कंपनीचाच वाटायला लागला होता. आपल्या हातानं गळ्यात पट्टा बांधायचा आणि मालकाला म्हणायचं, बघा, तुमचा पट्टा! हा माझा मुद्दा पहिला.

वकील हसला. "म्हणजे आमची खूण विनापरवानगी वापरता."

अमरसिंग घाबरला असावा. ताडकन उठला. "काढा बे ते शर्ट! आत्ताच्या आत्ता!"

आणि आम्ही काढायला लागलो.

कुणी कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही. हात थेट गुंड्यांवर. नौशादनं कुबडी टेबलाला टेकवली आणि एका पायावर झुलत दोन्ही हातांनी सुरू केलं. माझ्या बनियनला भोकं होती. माणसाच्या प्रतिष्ठेवरचा परिच्छेद टेबलावरच पडला होता.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "थांबा. शर्ट का काढता?"

नौशाद म्हणाला, "साहेबानं म्हटलं ना."

"साहेब कसले? तुम्ही तर भागीदार."

"नाई आयकलं त उद्या माल नाई भेटत, मॅडम."

मॅडम कारकुनाकडे वळल्या. "लिहा. शर्ट काढण्याचा हुकूम दिला. चौघांनी जागेवर पाळला."

वकील म्हणाला, "याची नोंद नको."

"झाली."

परतीच्या एसटीत नौशाद हसत सुटला. "प्रोफेसर, सगळ्यात पह्यले तुह्या गुंड्या सुटल्या बे!" 

तीन पानांनी जे झालं नाही ते माझ्या गुंड्यांनी केलं. कॉलेजात हे शिकवत नाहीत.

३ एप्रिल

कंपनीचं म्हणणं आलं. तो हुकूम अमरसिंगचा स्वतःचा. अमरसिंग आमचा कर्मचारी नाही, हब भागीदार आहे.

मी मोठ्यानं हसलो. मग हसू थांबलं. मॅडमनी फोनवर स्पष्ट सांगितलं, हुकूम वरून येतात असं अमरसिंग बोलला तर नौशादची बाजू उभी राहील. नाही बोलला तर अवघड आहे. आणि तो कशाला बोलेल?

नवा अर्ज लिहायला बसलो. पहिलं वाक्य फार सुंदर झालं. खोडलं.

५ एप्रिल

संध्याकाळी नौशादच्या घरी. रोजा सोडायची वेळ, ताट मांडलेलं. दारात अमरसिंग. चपला काढेना, आत येईना.

"माहाही आयडी बंद केला," म्हणाला. मग नौशादच्या पायाकडे बघत — "कोणाले कुठं धाडाचं, कोणाचं बंद कराचं, सारे फोन वरून येत. तुहंही त्याहिनं माह्याच हातानं बंद करवलं. मी सांगतो मॅडमले."

अजान झाली. नौशादनं खजुराचं ताट पुढे सरकवलं, कुबडी उचलून जागा केली.

"बस."

अमरसिंग बसला.