घरच्या दुधाचा चहा

घोडेगाव, ता. २ एप्रिल १९०९

चि. सौ. इंद्रायणीस बाबांचे ओंजळभर आशीर्वाद. वि. वि.

किण किण किण असा बारीक नाद आज पहाटेपासून कानात आहे. तीस वर्षांमागे शाळा तपासायला आलेले साहेब अंगणात बसून पेल्यात साखर ढवळत होते, आणि माझ्या वर्गातली पोरं भुजंगप्रयात म्हणता म्हणता त्या चमच्याच्या ठेक्यावर गेली. वृत्त मोडलं, पण साहेबांनी हसून मलाही चहा पाजला. काळाकुट्ट, कडक, वर दुधाची धार पडताच सांजढगासारखा तांबूस. तेव्हापासून माझी सकाळ त्याच्यावाचून उजाडत नाही.

आता मुद्दा. लग्नाला तीन वर्षं झाली, पण विहीणबाईंच्या दुखऱ्या गुडघ्यांपायी तुझं माहेरपण राहिलं. मी जुन्नरला यावं, तर नातवाचं तोंड पाहीपर्यंत लेकीच्या घरचं अन्नपाणी वर्ज्य. ओट्यावर टेकतो न टेकतो, तसाच तहानलेला गाडीत बसतो. पेलाभर चहा संपेतो तुझ्याजवळ बसावं, एवढंच मनात आहे. चहा अन्नात मोडतो का, विहीणबाईंना विचारून कळव.

लोभ आहेच, तो मुरू द्यावा.

भगवंत

जुन्नर, ता. ७ एप्रिल

ती. बाबांच्या पायांवर इंद्रायणीचे डोके. वि. वि.

सासूबाईंनी मिश्री लावता लावता न्याय दिला. पुनमचंदशेटच्या दुकानची पत्ती पाण्यात उकळली तर तो काढा, अन् काढा कुणाच्याबी घरी चालतो. पण त्यात दूध पडलं की झालं अन्न. बिनदुधाचा चहा म्हणजे बिनयमकाची कविता, असं तुम्ही म्हणाल हे मी सांगितलं. त्यावर म्हणाल्या, मास्तरांचे लई चोचले; मग दूध आपल्या घरचं घेऊन या म्हणावं. तेव्हा बाबा, याच.

माया आहे तशी ठेवावी.

तुमची इंद्रायणी

जुन्नर, ता. १८ एप्रिल

ती. बाबांना नमस्कार. वि. वि.

पोट बरं आहे ना? तुम्ही घरून आणलेलं, चैत्रातल्या उन्हात, तांब्याच्या लोट्यात, अर्धा दिवस गाडीत हिंदकळलेलं दूध. चहात ओतताच गुठळ्या झाल्या. मी पेला काढून घेऊ लागले, तर फक्कड झालाय म्हणालात आणि अर्धा तास घोट घोट घेत राहिलात. पेला संपला की उठावं लागेल, हे मला कळत होतं.

तुम्ही गेल्यावर सासूबाई पोट धरून हसल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी विचारलं की, मास्तरांनी तो नासका चहा समदा प्याला व्हय. मी हो म्हटलं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ गुडघ्यांना तेल चोळत बसतात.

काळजी घ्यावी, रागवू नये.

इंद्रायणी

घोडेगाव, ता. २३ एप्रिल

चि. सौ. इंद्रायणीस आशीर्वाद. वि. वि.

पोटाने दोन दिवस कुरकुर केली, मनाने मुळीच नाही. आमच्या काळच्या शाळेत पाठ चुकला की तोच पुन्हा म्हणायचा. म्हणून पुढच्या खेपेला शेजारच्या चिमाबाईंची शेळीच गाडीत घालून आणतो. तुमच्या दारात धार काढायची, की दूधही आपल्या घरचं आणि नासायलाही सवड नाही. चिमाबाई म्हणतात, शेळी देते, पण मास्तर, वाटेत तिला कविता ऐकवू नका, आटंल.

यायचा दिवस ठर—

थांब, अंगणात गाडी थांबली. जावईबापूंच्या खांद्याला धरून विहीणबाई उतरताहेत. उंबऱ्याशी उभं राहून कण्हत सांगताहेत की, पोराच्या आईला सुनेच्या माहेरी कसलीच बंदी न्हाई, तवा चहा टाका. अन् घर मोलकरीण भागूवर सोपवलंय, पोरीला महिनाभर ठेवून घ्या.

त्यांच्या मागे तू वहाणा काढते आहेस. हे पत्र आता टपालात टाकत नाही.