बिनशिंगांचा कळप

४ ऑक्टोबर
आणला! भुंडा बोकड अखेर दारी आला. पांढरा, मवाळ डोळ्यांचा. कपाळ धुतलेल्या पाटीसारखे. आधीचा शिंगाळा देऊन टाकला. त्याने गेल्या महिन्यात धाकटीचे मनगट फोडले, तेव्हाच ठरवले होते—या गोठ्यात यापुढे एकही शिंग उगवू द्यायचे नाही. शिंग म्हणजे मूर्तिमंत अहंकार.

धाकटी माझी बहीण. शेळ्या खऱ्या तिच्याच. मी पोथीतून डोके वर काढून सल्ले देणारा. म्हणाली, "अहंकार कसला, दादा! औषध पाजताना धरायची मूठ असते ती. आता काय कान ओढू?"

बोकड देणारा मेंढपाळही जाता जाता पुटपुटला, "भुंडीला भुंडा लावू नका, आजोबा. जोडीत एकाला तरी शिंगं असू द्या." का, ते त्याला सांगता येईना. शास्त्राधार विचारला, तर डोके खाजवू लागला!

७ ऑक्टोबर
स्वप्न. धुक्याच्या कुरणावरून बिनशिंगांचा कळप चालला आहे. खुरांचा आवाज नाही. सर्वांत पुढे धाकटी—दहा वर्षांची, दोन वेण्या. मी हाक मारली. वळली नाही.

५ मार्च
आमची भुंडी शेळी व्याली. एकच पिल्लू, मादी. सायीच्या रंगाची, म्हणून नावही साय. धाकटीने ओलेतेच उचलून पोटाशी धरले. मी कपाळावरून बोट फिरवले—गुळगुळीत. माझे स्वप्न चार पायांवर उभे राहिले!

२ ऑगस्ट
साय पोथीवर हनुवटी टेकून ऐकते. आज अध्यायाचे एक पान खाल्ले. रागावता आले नाही.

१० नोव्हेंबर
साय काही दिवसांपासून निराळीच वागते. मान ताठ, अंगाला बोकडाचा दर्प, शेळ्यांच्या मागे मागे. जनावरांच्या डॉक्टरांनी शेपटी उचलून पाहिले, हात धुतले. "बोकड नाही आणि पुरती शेळीही नाही. भुंड्याला भुंडी लावली की कधीकधी अशी निपजतात. ना पिल्लू, ना दूध."

मेंढपाळ खरे बोलत होता. शिंग होते ते माझ्याच कपाळी.

धाकटी दाव्याचा पीळ सोडवत उभी राहिली. डॉक्टरांना चहाही विचारला नाही.

११ नोव्हेंबर
खाटकाला शुक्रवारी बोलावले आहे. चारा मोजका; निरुपयोगी जीव किती दिवस पोसणार? धाकटी ऐकून गोठ्यात निघून गेली. तिचे मौन मला नवे नाही. विशीत चालून आलेले स्थळ—मुलगा शिक्षक, निर्व्यसनी—तिने असेच कारण न सांगता मोडले. मी वर्षभर तिच्याशी बोललो नाही. पुढे लोकांना सांगत आलो, तिचे व्रत आहे. सांगता सांगता मलाही ते खरे वाटू लागले.

१३ नोव्हेंबर
पहाटे पुन्हा तेच कुरण. या वेळी धाकटी वळली. चेहरा दिसण्याआधीच जाग आली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
खाटीक दारात आला. धाकटी सायीच्या गळ्यात हात टाकून जमिनीवर बसलेली.

"दादा, ते स्थळ आलं ना, त्याच्या आदल्या वर्षी डॉक्टरांनी माझ्याबद्दल हेच सांगितलं होतं. पुरती बाई नाही म्हणाले, मूल व्हायचं नाही. आईनं तुला कळू दिलं नाही."

खाटकाला परत पाठवले.

अर्धे अंग स्त्रीचे, अर्धे पुरुषाचे, अशा ईश्वराला मी साठ वर्षे रोज हात जोडतो. आज स्तोत्राच्या पहिल्या ओळीपुढे जाता येईना.

"दादा, साय तुझ्या पोथीकडे निघालीय—धर तिला!"

धरायला शिंग नव्हते. मिठी मारली.