बादलीवरचा राखाडी थर

माय, जय भीम.

फोनवर तू "सब बराबर हाये" म्हणते अन् ठेवून देते, म्हणून पत्रच लिहून राहिली. जवसाची चटणी पोचली. अर्धी तर मैत्रिणींनीच संपवली.

इथं नागपुरात कॉलेज मस्त चालू हाये. परवा सरांनी लोखंडाले गंज कसा लागते ते शिकवलं. लोखंडाच्या बादलीवर जस्ताचा पातळ थर असते. राखाडी, मळकट दिसते, पण हवा-पाणी तोच झेलते, म्हणून लोखंड गंजत नाही. मले आपली बादली आठवली. दर बुद्धपौर्णिमेले तू ती विटेच्या भुकटीनं चांदीवानी घासे, अन् बूड गंजून गेलं की दुकानदाराले शिव्या देत होती. माय, त्याची काही चूक नव्हती वं. मळ समजून आपणच थर घासून काढला!

वर्गात सांगितलं तं सगळे हसले, मी पण हसली. मंग तुह्या हाताच्या भेगा आठवल्या. त्याच हातानं लोकायची भांडी घासून तू मले इथवर पोचवलं.

भेगा भरल्या का? खरं सांग. खोबरेल लावत जा. नवी बादली मळकी दिसली तं दिसू दे.

लोखंडावर थर कसा द्यायचा, ते मी शिकली. हातावर कसा द्यायचा, ते इथं कोणीच शिकवत नाही.

तुही,
रोशनी