प्रोफेसरांच्या बोटीतली जागा

१ एप्रिल १९६३, सोमवार. आखन, जर्मनी.

आजपासून रोजनिशी नियमित. मागची जानेवारीतच बंद पडली, पण ती घरमालकिणीमुळे. फ्राऊ पेल्त्सरला माझ्या दिव्याची वीज दिसते, माझं काम दिसत नाही.

इन्स्टिट्यूटमध्ये आज एकच विषय: १ मेचं आनआंगेल्न. म्हणजे थंडी सरली की सगळ्यांनी मिळून करायची मोसमातली पहिली मासेमारी. आयफेलच्या डोंगरातल्या धरणावर, दोघा-दोघांच्या बोटी, नंतर गास्टहाउसात बिअर. पहिल्या वर्षी मला सर्दी होती. गेल्या वर्षी गजर वाजला नाही. यंदा जाणार म्हणजे जाणार. कारण असिस्टंटची जागा उन्हाळ्यात रिकामी होतेय आणि तिच्यासाठी माणसं दोनच: मी आणि श्रीनाथ.

असिस्टंट झालो की लतिकाशी लग्न. तिच्या वडिलांनी, अण्णासाहेबांनी, दादरहून तसं स्पष्ट लिहिलंय. लतिका माझी वाट पाहतेय. म्हणजे, तिला अजून दुसरं स्थळ दाखवलेलं नाही, असं अण्णासाहेब लिहितात. एकच अर्थ.

श्रीनाथ साताऱ्याचा. अंडंसुद्धा खात नाही. मी नाबर, मूळचा मालवणचा. मासा आमच्या रक्तात आहे. मालवण मी पाहिलेलं नाही, पण रक्ताला त्याचं काय?

५ एप्रिल

धरणात गाळ कसा साठतो, हा माझा पीएचडीचा विषय. त्यासाठी तळघरात काचेचा लांब कालवा बांधलाय. तो आज पुन्हा गळला. मेकॅनिक म्हणतो सांधे मी चुकीचे भरले. हा माणूस पहिल्या दिवसापासून माझ्या वाईटावर आहे. प्रोफेसर हिल्गर्स खाली आले, जमिनीवरचं पाणी बघितलं, आल्झो, म्हणजे बरं तर, एवढंच म्हणाले आणि वर गेले. मोजकं बोलणारा माणूस. माझ्यावर विश्वास असल्याशिवाय कोणी इतक्या कमी शब्दांत आटोपत नाही.

शेजारी श्रीनाथचा कालवा कोरडा ठाक. म्हणजे बाहेरून. पाणी आत. यात कौतुक करण्यासारखं काय आहे?

८ एप्रिल, सकाळ

गळ, दांडी, रीळ आणले. फिशिंगचा परवाना आम्टमधून, म्हणजे सरकारी कचेरीतून, काढावा लागतो. उद्या जाणार.

सायंकाळ. खोलीत गळ फेकण्याचा सराव. तिसऱ्या फेकीला फ्राऊ पेल्त्सरच्या पडद्यात अडकला. ओढला तर पडदा, दांडा आणि भिंतीचा थोडा भाग खाली आला. ती वर येऊन म्हणाली की पडदा तिच्या लग्नातला होता. मी म्हटलं, हो, तसा जुना दिसतोच. यात चिडण्यासारखं काही नव्हतं. या देशात खरं बोललेलं चालत नाही.

१० एप्रिल

कट उघडकीस आला.

बोटीत कोण कुणाबरोबर बसणार, हे सेक्रेटरी फ्राऊ क्लिंकनबर्ग ठरवते. तिच्याकडे माझ्या बोटीची चौकशी केली. ती म्हणाली, मी मेकॅनिकबरोबर. (मेकॅनिकबरोबर!) मग प्रोफेसरांबरोबर कोण? तर श्रीनाथ. त्याने स्वतः येऊन मागितली ती जागा. खालच्या मानेने, हळू आवाजात. हे असले लोक मान खाली घालतात ते वर चढण्यासाठीच.

मी विचारलं, गेल्या वर्षी तिथे कोण होतं? लिंडेन. तो आता हॅनोव्हरला चांगल्या नोकरीत आहे. त्याच्या आदल्या वर्षी? वेबर. त्याची आता स्वतःची मोटार आहे. दोघांचंही इथून भलं झालं. थीसिस पुरा करायचीही त्यांना गरज उरली नाही! प्रोफेसरांच्या बोटीत बसलं की काय होतं, हे सांगायला आता ज्योतिषी नको.

आणि हे मला दोन वर्षांत एकाही माणसाने सांगितलं नाही. अर्थात मी कुणाला विचारलंही नाही. दुपारच्या जेवणाला मी या लोकांबरोबर बसत नाही, ते तत्त्व म्हणून.

परवाना: आम्ट बंद होतं. म्हणजे मी पोचेपर्यंत झालं.

१६ एप्रिल

ईस्टरची सुट्टी संपली. सकाळीच फ्राऊ क्लिंकनबर्गला गाठून सांगितलं की प्रोफेसरांच्या बोटीतली जागा मला हवी. तिने टायपिंग थांबवलं. चष्मा काढला. नक्की का, असं विचारलं. मी म्हटलं, गेनाऊ, अगदी नक्की. तिने पुन्हा विचारलं, नीट विचार केलाय ना? मी म्हटलं, दोन वर्षं दुसरा विचार केला नाही. मग घरी कळवलंय का, असं विचारलं. मी म्हटलं, घरचे तर या दिवसाकडे डोळे लावून बसलेत. तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली की तिला माझ्याबद्दल आदर वाटतो. दोन वर्षांत पहिल्यांदा. जोरात मागितलं की या लोकांना कळतं.

श्रीनाथचं काय, हा प्रश्न तिनेच काढला. प्रोफेसर एका वर्षी एकालाच घेतात. मी म्हटलं, तो थांबेल. लहान आहे. शिवाय मी सीनियर.

१८ एप्रिल

श्रीनाथ खोलीवर आला होता. म्हणाला, यशवंतराव, फ्राऊ क्लिंकनबर्ग म्हणतात ते खरं का? तुम्ही असं काही ठरवलं असेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, तुला वाटायचा प्रश्न येतो कुठे? तो म्हणाला, त्या बोटीचं तुम्हाला सगळं माहीत आहे ना? मी म्हटलं, तुझ्याइतकंच माहीत आहे. दार लावून घेतलं.

त्याचं कुठे दुखतंय ते बरोबर कळलं.

२२ एप्रिल

तो पुन्हा आला. यंदा जागा त्याला द्यावी म्हणून विनवण्या. साताऱ्याला सुरेखा आणि मुलगी आहेत, मुलीला त्याने अजून पाहिलेलं नाही, असं किती दिवस काढायचे वगैरे. मला लतिकाचा चेहरा आठवला. म्हणजे तिचा फोटो. मी म्हटलं, प्रत्येकाला आपापल्या अडचणी असतात. तो म्हणाला, अहो, निदान एकदा ऐकून तरी घ्या. ऐकलं नाही. शत्रूचं ऐकायला लागलं की माणूस मऊ पडतो. दार लावून घेतलं. जरा जोरात लागलं. उरलेला पडदाही पडला.

परवान्यासाठी फोटो काढला. डोळे मिटलेले आलेत. उद्या दुसरा.

२६ एप्रिल

फ्राऊ पेल्त्सरच्या फुलांच्या वाफ्यातून गांडुळं काढली. दणकट आहेत. आईने पाठवलेल्या मेतकुटाच्या डब्यात ठेवली. मेतकूट कपाटात कागदावर.

अण्णासाहेबांना पत्र टाकलं: १ मेला प्रोफेसरांच्या बोटीतून मासेमारी, असिस्टंटची जागा नक्की झाल्यासारखीच, मुहूर्त बघायला हरकत नाही.

२८ एप्रिल

रविवार. फ्राऊ पेल्त्सरला मेतकूट आवडतं, हे मला माहीत नव्हतं. ती न विचारता माझ्या डब्यात चमचा घालते, हेही माहीत नव्हतं. आता दोन्ही कळलं. तिची किंकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत गेली म्हणे. मला मेअखेर खोली सोडायला सांगितलंय. उत्तम. असिस्टंटला ही खोली शोभणारही नव्हती.

३० एप्रिल

आम्टमध्ये गेलो. परवाना मिळायला दोन आठवडे लागतात. कारकुनाला सांगितलं की मासेमारी उद्या आहे. तो म्हणाला, मासे दोन आठवड्यांनीही असतील. उद्धट.

श्रीनाथने परवाना मार्चमध्येच काढलाय. घासफूस खाणारा माणूस! याला म्हणतात हपापलेपणा.

तो आज तिसऱ्यांदा आला होता. मी आतून ऐकू आलं नाही असं केलं. तो बराच वेळ दारात उभा होता.

१ मे, बुधवार. सकाळ

सूट घातला. टाय गडद निळा. बाकीचे रबरी बुटांत आणि जुन्या कोटांत आलेत. बसमध्ये सगळे माझ्याशी फारच गोड वागत होते. मेकॅनिकने स्वतःच्या थर्मासमधली कॉफी दिली. सत्तेपुढे माणसं कशी वाकतात ते बघून घ्यावं.

१ मे, सायंकाळ. गास्टहाउस.

झालं! सविस्तर लिहितो, मुलाबाळांना वाचता येईल.

परवाना नसल्याने मला दांडी धरता येईना. काठावर रखवालदार होता, हिटलरच्या वेळचा वाटला. म्हणून मी वल्ही मारली. प्रोफेसरांनी गळ टाकला. वारा बर्फासारखा, आणि माझे बूट भरले. बोट दोनदा स्वतःभोवती फिरली, ते प्रवाहामुळे. धरणात प्रवाह नसतो, असं प्रोफेसर म्हणाले. मी वाद घातला नाही.

त्यांना एक बार्श लागला. हिरवट अंगावर काळे पट्टे, लाल पर. मालवणी रक्त उसळलं. मी पुढे होऊन पाठीवरून हात फिरवला. त्या माशाच्या पाठीवर काटे असतात. टाय हाताला बांधला.

मग प्रोफेसर म्हणाले, तुम्हाला मला काही सांगायचं आहे ना? मी म्हटलं, हो, हेर प्रोफेसर, माझी तयारी आहे. ते म्हणाले, हे तुम्ही स्वतः ठरवलंत? मी म्हटलं, पूर्णपणे स्वतः. ते म्हणाले, सोपं नसतं. मी म्हटलं, माझ्यासारख्याला सोपं आहे. मग म्हणाले की ते दोन वर्षं याचीच वाट बघत होते, पण अशी गोष्ट माणसाने आपणहून सांगावी, दुसऱ्याने सांगू नये. उद्याच टेलिफोन करतो, पुढचं माझ्यावर सोडा, म्हणाले. आणि भर पाण्यात हात मिळवला. काटे टोचलेलाच हात. मी ओरडलो नाही.

गास्टहाउसात त्यांनी उभं राहून सांगितलं की हेर नाबर यांनी आज धैर्य दाखवलं. सगळ्यांनी टेबलं वाजवली. मी भाषण केलं. म्हटलं, या इन्स्टिट्यूटला मी जे देणार आहे ते आजवर कोणी दिलं नसेल. फ्राऊ क्लिंकनबर्गने डोळे पुसले.

श्रीनाथला मेकॅनिकच्या बोटीत दिवसातला सगळ्यात मोठा मासा लागला. हाताएवढा बार्श. त्याला कागदाचा मुकुट घालून राजा केला. त्याने मासा बस-ड्रायव्हरला देऊन टाकला. मुकुट घालून तो माझ्याकडे बघत होता. बघ, बाबा. राजा तू, जागा मी.

३ मे

फ्राऊ क्लिंकनबर्गने तळघराची किल्ली मागितली. दिली. म्हणजे आता वरची खोली मिळणार. मेकॅनिक माझा कालवा सुटा करतोय. काचा काढताना शीळ घालत होता.

६ मे, सोमवार

प्रोफेसरांनी बोलावलं. न्युरेम्बर्गच्या एका कंपनीत माझी सोय झालीय. पंपांची ड्रॉइंग्ज काढायची. १ जूनपासून.

मी म्हटलं, आणि असिस्टंटची जागा? ते म्हणाले, ती श्रीनाथला, आता दुसरं आहे कोण. मी म्हटलं, काहीतरी गैरसमज झालाय. ते म्हणाले, काठावर आलं की असं वाटतं, लिंडेनलाही वाटलं होतं, शरमेचं काही कारण नाही. दार उघडून धरलं. आल्झो, म्हणाले.

खाली आल्यावर फ्राऊ क्लिंकनबर्गने सगळं नीट सांगितलं. या इन्स्टिट्यूटमध्ये डॉक्टरेट सोडायची असेल तर कोणी अर्ज करत नाही. आनआंगेल्नला प्रोफेसरांच्या बोटीत जागा मागतो. पाण्यावर दोघांतच बोलणं होतं, माणसाची लाज राहते, आणि प्रोफेसर त्याला नोकरी शोधून देतात. जुनी पद्धत. सगळ्यांना माहीत. तिला वाटलं मलाही माहीत असणार.

श्रीनाथ सोडून जायला निघाला होता. बायको-मुलीला आणायचं तर नोकरी हवी म्हणून. तो गेला असता तर इथे उरलो असतो मी एकटा. जागा मलाच द्यावी लागली असती, असं ती म्हणाली. नाइलाजाने, असंही म्हणाली. ते म्हणायची गरज नव्हती.

८ मे

श्रीनाथला गाठलं. विचारलं, माहीत होतं तर सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, यशवंतराव, मी तीनदा आलो होतो.

सुरेखा आणि मुलगी सप्टेंबरमध्ये येणार आहेत. असिस्टंटला क्वार्टर मिळतं. तुमच्या लग्नाला आम्हाला बोलवायचं हं, असं तो म्हणाला. मग जीभ चावली.

११ मे

अण्णासाहेबांचं पत्र. मुहूर्त काढलाय. लतिकाने खाली पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिलीय: तुमच्याबरोबर मासे पकडायला मीही येईन.

उत्तराला चार वेळा बसलो. डॉक्टर नाही, असिस्टंट नाही, पंप. उद्या लिहितो.

१४ मे

फिशिंगचा परवाना आला. फोटोत डोळे मिटलेलेच आहेत.