न्हाणीघरातला हौद कोणाला

फळ्या जोडून केलेला एक हौद (आजवर थेंबभरही गळला नाही), जुन्या सायकलच्या आऱ्या ठोकून केलेल्या पाच फण्या, कागद वाळवायची दोऱ्यांची घोडी आणि या सगळ्यांतून उतरलेले काही हजार मार्बल पेपर (पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून लावतात तो रंगीत लहरींचा कागद). एवढे मी स्वतःच्या हाताने केले. कोणी शिकवले नाही. वय छप्पन्न, प्रकृती ठणठणीत, डोके जागेवर (पत्नीचे मत वेगळे आहे, पण तिची साक्ष घेतलेली नाही). माझ्या पश्चात काय कोणाचे, ते कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो.

१. घर व बँकेतील ठेव पत्नीस. न्हाणीघरही तिला परत. हौद तिथेच मांडलेला असल्याने आंघोळीला निघालेल्या माणसाला "थांब, रंग पसरतोय" असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. "मेल्यावर तरी साबण ठेवायला जागा द्या," असे तिचे म्हणणे. दिली.

२. मेहुण्यांस निळ्या रंगाची एक बाटली व एक कोरा कागद. "पाण्यावर रंग शिंपडायचा, वर कागद टाकायचा, त्यात काय एवढं?" असे ते चारचौघांत म्हणाले होते. आता करून दाखवावे. कागदाला आधी तुरटीचे पाणी लावायला ते विसरणार आणि सगळा रंग नळाखाली वाहून जाणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

३. हौद, फण्या व रंग धाकट्या मुलीस. घोळ इथेच होता. डिंकाच्या दाट पाण्यावर फणी एका दमात सरळ ओढायची असते. ही मध्येच मनगट फिरवते.

"बाबा, नदी काय पट्टी धरून वाहते?"

"नदीला गिऱ्हाईक सांभाळायचं नसतं."

म्हणून वकिलांकडून मी अट घालून घेतली : हौदात फक्त माझीच नक्षी काढावी, अन्यथा हौद मुलाकडे जावा. मुलीने मसुदा वाचला. "द्या दादाला. कासव पाळेल त्यात. मी परातीत करीन," म्हणाली आणि न्हाणीघराकडे फिरकेनाशी झाली. कागद टाकताना दुसरे टोक तीच धरायची. मी एकट्याने टाकलेल्या प्रत्येक कागदाखाली हवा अडकली व पांढरा डाग उठला. डिंक जुना असावा, असे मी पत्नीला सांगितले. पत्नी हसली.

सबब अट रद्द. मुलीने हवी ती नक्षी काढावी. हौद मात्र रोज धुवावा. त्यात सवलत नाही.

साक्षीदार :
१. बाइंडर, कोपऱ्यावरचे (सही)
२. शिवणकामवाल्या शेजारीणबाई (सही)

मृत्युपत्र करणार : मी (सही)
स्थळ : राहते घर, मागची खोली
दिनांक : ९, रविवार, सकाळी

पुरवणी, त्याच साक्षीदारांसमोर त्याच सकाळी :

सही करता करता बाइंडरांची नजर घोडीवर वाळणाऱ्या कागदावर गेली. अट खोडल्यावर मुलीने काढलेला हा पहिलाच.

"हा तुमच्या हातचा नाही."

"मुलीच्या."

"वाटलंच. काय वळण आहे हो!"

हे "वाटलंच" मी ऐकून घेतले. कागद मुलीने मला दिलेला असल्याने तो माझ्या मालमत्तेत मोडतो. मी आहे तोवर तो माझ्या टेबलासमोर राहील, पुढे तिचा. माझ्या कागदाला बाइंडर साठ देतात आणि त्यातही घासाघीस करतात. या एका कागदाचे त्यांनी उभ्या उभ्या देऊ केले, व मी नाकारले, ते पाच हजार.