राजाराणीला निजवायचं राहिलं

म्हैसूर,
३ ऑगस्ट १९८६

चि. सौ. कामाक्षीस अम्माचे अनेक आशीर्वाद.

पत्र उघडून ‘ही अम्मा कोण बरं’ असा विचार करत बसू नकोस. तुला जन्म दिला ती मी. उन्हाळ्यापासून तुझी एक ओळ नाही, तेव्हा म्हटलं, सिरसीच्या सुपारीच्या बागेत पोरीला सासूचं नाव तेवढं पाठ राहिलं असेल, आईचं गळून पडलं असेल. आठवण करून द्यावी. मी सांगते आहे आणि थोरली सून लिहिते आहे. तिला बोचेल असं काही सांगितलं की तिचं पेन हळू चालतं, तेव्हा अक्षर जिथे किरटं दिसेल तिथे मी काय म्हणाले असेन ते ओळख. (अक्का, अजून काही बोलल्या नाहीत. बोलणार आहेत म्हणून आधीच सांगून ठेवतायत. – वनजा)

घरात मुलं पाच आहेत की पन्नास, हे मोजायला कुणाला सवड नाही. सारात गोटी निघते, देवाच्या तबकात सोंगटी. परवा भोवऱ्यावर पाय पडून मी अशी आपटले की दोन्ही सुना धावत आल्या, पण हसू दाबत. डॉक्टर म्हणाले हाड शाबूत आहे, मात्र जिना चढायचा नाही. मी म्हटलं, जिना मी तशीही कित्येक वर्षं चढत नाही.

तर घरात ठरलं की मुलांना खेळायला एक खोली हवी, सगळा पसारा तिथे. आणि रिकामी खोली या घरात एकच. वरची, मागची.

एवढं सांगून मी थांबले होते. वनजा पेन धरून बसून राहिली. शहाणी आहे. (हे मी हळू लिहिलेलं नाही. – व.)

किल्ली माझ्या कमरेला होती. आपल्या धाकट्या नागूनं मागितली, मी दिली नाही, असं तो म्हणतो. मला कुणी नीट विचारलंच नाही. त्यानं कुलूप तोडलं. खाली आला आणि हात धुवायला गेला तो बराच वेळ धूतच राहिला. मग वनजा गेली. तिनं सांगितलं ते सांगते. दसऱ्याची बाहुल्यांची मांडणी जशीच्या तशी उभी आहे, कामाक्षी. पायऱ्यांवर अंथरलेली धोतरं पिवळी पडलीत, शेट्टी-शेट्टम्मा धान्य विकायला बसलेत, लग्नाची वरात निघालेली आहे, आणि सगळ्यांत वर तू उभे केलेले रक्तचंदनाचे राजाराणी. खाली गिरिजाची बाग. आरशाचं तळं धुळीनं भरलंय. तिनं परातीत पेरलेली नाचणी वाळून केसांसारखी उभी आहे.

वनजानं विचारलं, हे आवरलं का नाही कुणी? तिला सांगितलं ते तिनं इथेही लिहून टाकलंय, असू दे. गिरिजा, तुझी धाकटी बहीण, नवमीला तापात गेली. आठ वर्षांची. घराला सुतक लागलं, आणि सुतकात बाहुल्यांना हात लावायचा नाही. राजाराणीला निजवतात ते दशमीला, दिवेलागणीनंतर, आणि निजवायचं तिनंच, जिनं उभं केलं. त्यांना निजवल्याशिवाय मांडणी उतरत नाही. सुतक फिटलं तेव्हा दशमी उलटून गेली होती. पुढच्या वर्षी दुखवट्यात सण नाही. त्याच्या पुढच्या वर्षापर्यंत मी कुलूप लावलं होतं.

या दसऱ्याला ये. एका संध्याकाळचं काम आहे. त्यांना निजव, जेव, आणि हवं तर परत जा.

लोभ आहेच, त्याला थोडं खतपाणी तुझ्याकडूनही असावं. सहीच्या जागी माझं हळदीचं बोट.

अम्मा


सिरसी,
१७ ऑगस्ट १९८६

ती. अम्माच्या चरणी कामाक्षीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं बोट पोचलं. सासूबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, तुझ्या आईचं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे. इकडे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. सुपारीच्या घडांना कोळं लागून ते कुजायच्या आत औषधाची दुसरी फवारणी व्हायला हवी, आणि झाडावर चढणारे गडी पावसाचं निमित्त करून घोंगडीत बसलेत. गाय दसऱ्याच्या सुमाराला व्यायची आहे. तेव्हा येणं जमेल असं दिसत नाही.

हे खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. मी माहेरी येते तेव्हा जिन्याकडे पाठ करून जेवायला बसते, हे तू पाहिलं आहेस. कधी विचारलं नाहीस, त्याबद्दल मी तुझे उपकार मानले आहेत.

तुला आठवतं ना, गिरिजा मला मांडणीत काही करू देत नसे. बुटकी बाहुली पुढे, उंच मागे, नाहीतर मागच्या लहानांना काही दिसत नाही म्हणायची. मी मुद्दाम एखादी हलवून ठेवायची आणि पाणी पिऊन येईपर्यंत ती परत जागेवर. अम्मा, माझ्या मनात ती अजून तिथे उकिडवी बसून परातीतल्या नाचणीला पाणी घालते आहे. मी राजाराणीला निजवलं म्हणजे सण संपला. मग तिला उठून जावं लागेल. ते माझ्या हातून करून घेऊ नकोस.

वनजाला निजवू दे. देव एवढा काटेकोर नसेल.

मुलांना गोड पापा. नागूला म्हणावं, कुलूप तोडणाऱ्यानं निदान जिना तरी झाडून काढावा. लोभ उणा होऊ देऊ नये.

तुझी,
कामाक्षी


म्हैसूर,
९ सप्टेंबर १९८६

चि. सौ. कामाक्षीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या गाईला विचारून सांग, तिला दसऱ्यालाच व्यायचं कुणी सांगितलं.

खोली झाली आहे. नागूला भिंतींवर निळं आभाळ आणि ढग हवे होते, वनजाला पिवळा रंग. मी म्हटलं, पिवळ्या भिंतीत मुलं काविळीची दिसतील. ढग आले. नागूनं स्वतः काढलेत, त्यातला एक हुबेहूब आपल्या भटजींसारखा दिसतो म्हणतात. सफरचंदाची खोकी घासून भिंतीला ठोकली, तेच कप्पे. गोट्यांना काचेच्या बरण्या, चेंडूंना जुन्या साडीची झोळी. सुना डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. मी म्हटलं, ज्यांनी वाचून ठेवायचं त्यातली अर्धी मुलं शाळेत जात नाहीत, चित्रं काढा. अक्षर न येणाऱ्या बाईचंही कधीतरी चालतं.

बाहुल्यांची भिंत तेवढी राहिली आहे. पुढे एक लुगडं सोडलंय. तू वनजाचं नाव सुचवलंस, ती म्हणाली अक्कांच्या हातचं मी करणार नाही. नागू म्हणाला, हे सगळं तुमच्या डोक्यात आहे. भर दुपारी त्यानं राजाराणीसकट सगळ्या बाहुल्या ट्रंकेत भरल्या. संध्याकाळी वनजाची धाकटी, पुट्टी, ट्रंकेला टेकून बसलेली सापडली. काका रागावला, ऊठ म्हणाला. ती त्याला एवढंच म्हणाली, “त्यांना अजून झोप नाही आली.” दिवे लागायच्या आत नागूनं स्वतः सगळ्या बाहुल्या होत्या तशा परत मांडल्या. डोळे लाल का विचारलं तर म्हणे जळमटं गेली.

आणखी एक. मुलं संध्याकाळी खोली उधळून खाली येतात. सकाळी ती आवरलेली असते. वनजाला वाटलं जावेनं आवरली, जावेला वाटलं वनजानं. दोघींनी आठवडाभर एकमेकींना मनातून धन्यवाद दिले, मग एकदा तोंडानं दिले तेव्हा उलगडा झाला. मी म्हटलं, उंदरांना शिस्त लागली असेल. खोक्यांत लहान खेळणं पुढे आणि मोठं मागे. वनजा तुझं पत्र वाचून दाखवत होती, ती त्या ओळीशी आली आणि पुढे वाचेना. मीही वाच म्हटलं नाही.

तुझ्या मनातलं मला कळलं. माझ्या मनात काय आहे ते मी सांगितलेलं नाही, आणि वनजासमोर सांगणारही नाही. ये.

अम्मा (हळदीचं बोट)


म्हैसूर,
२१ सप्टेंबर १९८६

ती. कामाक्षी अक्कांस वनजाचा सा. न. वि. वि.

हे पत्र अम्मांना न सांगता लिहिते आहे. त्यांची पत्रं लिहिताना मी हसते, कारण त्या हसवतात. पण आता माझा धीर सुटला आहे.

पुट्टी खाली येत नाही, अक्का. शाळेतून आली की वर. लुगड्याच्या आत जाऊन त्या परातीपाशी बसते. इतर मुलं खेळतात त्यात नाही, हसत नाही, जेवायला बोलावलं तर ताट वर मागते. मी रागावून विचारलं तेव्हा म्हणाली, तिथे एक अक्का आहे, तिला बाहुल्या जाग्या असेपर्यंत जाता येत नाही आणि एकटीला कंटाळा येतो. आम्ही तिला गिरिजाचं नाव कधी सांगितलेलं नाही. आता अंगात कणकण असते. औषध चालू आहे. दसऱ्यात तिला आठ पुरी होतात. माझी रात्रीची झोप गेली आहे ती त्या आकड्यानं.

आणि अम्मा. दुपारी सगळे कामात असले की त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसतात, कठड्यावर हात ठेवून. वरून काही ऐकू येतं का याकडे कान असतो. एकदा मी मागून गेले तर वर बघून विचारत होत्या, जेवलीस का. पुट्टी तेव्हा शाळेत होती. त्या तुम्हाला बोलावतात, पण तुम्ही नाही आलात तर त्यांना सुटल्यासारखंही वाटेल. तुम्हा दोघींना ती तिथे हवी आहे, हे मला कळतं. मी तिला पाहिलेलंही नाही, तरी मला तिची कीव येते.

पण मला माझी मुलगी परत हवी. मोठ्या नणंदेला सांगायचा अधिकार नाही, पाया पडून मागते. या.

आपली,
वनजा


सिरसी,
२० ऑक्टोबर १९८६

ती. अम्माच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचले. गाईला कालवड झाली, माझी वाट न बघता. वनजाचं एक पत्र मला आलं होतं, म्हणून मी आले. तिला बोलू नकोस.

दशमीला मी वर होते आणि तू जिन्याच्या पायथ्याशी. तिथे बसून तू काही विचारलं नाहीस, आणि निघेपर्यंत मला तोंडानं सांगवलं नाही. म्हणून लिहिते. वनजानं एकांतात वाचून दाखवावं.

आरती करून मी लुगडं बाजूला केलं. पुट्टी परातीपाशी होतीच. मला वाटत होतं, इतक्या वर्षांत राजाराणी लहान झाले असतील, मी वाढले ना. पण ते तेवढेच होते. राजाला आडवं केलं. राणीला हात लावला आणि पुढे होईना. तेवढ्यात पुट्टी जरा सरकली, शेजारी बसलेल्याला उठायला वाट द्यावी तशी. मी राणीला निजवलं. अंगावर माझा रुमाल घातला. मग वाकून परात उचलायला गेले तर माती ओली होती.

पुट्टी तोंड भरून जांभई देत म्हणाली, भूक लागली. तिला कडेवर घेऊन मी खाली आले तेव्हा तू माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि मग माझ्या मागे, जिन्यात. मागे कुणी नव्हतं, अम्मा. मीही वळून बघितलं होतं.

पुट्टीचा ताप कसा आहे ते लगेच कळव. लोभ आहे, तो जड झाला तरी उतरवू नये.

तुझी,
कामाक्षी


म्हैसूर,
२७ ऑक्टोबर १९८६

चि. सौ. कामाक्षीस अनेक आशीर्वाद.

पुट्टीचा ताप तू गेलीस त्या दिवशीच उतरला. आता ती नागूच्या ढगांवर कोळशानं मिशा काढते, भावाला चावते, आणि ताट वर मागायचं सोडून सगळ्यांच्या ताटातलं खाते. वनजा तिला दिवसातून दहादा बडवायला धावते आणि एकदाही बडवत नाही. तुझ्या नावानं तिनं देवापुढे नारळ फोडला. तिचं पत्र मला ठाऊक होतं. या घरात शाईची दौत माझ्या खाटेखाली असते. (मला ठाऊक नव्हतं. – व.)

बाहुल्या ट्रंकेत उतरल्या. त्या भिंतीला आता झोपाळा टांगलाय.

रोज सकाळी मी वनजाला विचारते, वर कसं आहे. ती म्हणते, पसारा. आधी हसून म्हणायची. आता हळू म्हणते.

परवा सगळी बाहेर गेली होती. डॉक्टरला सांगू नकोस, मी वर गेले. बसत बसत, एकेक पायरी. खोली छान झाली आहे. ढग भटजींसारखा आहे हे खरं. कुठेही पाय ठेवायला जागा नव्हती. गोट्या, पत्ते, तुटकी बैलगाडी. मी मधोमध बसले. कुणीही नव्हतं. कामाक्षी, इतकी वर्षं मी खालून कान लावून होते, तेव्हा वर येण्याची हिंमत नव्हती. हिंमत आली तेव्हा पोर गेलेली.

मग मी एक खोकं आवरलं. लहान पुढे, मोठं मागे. नीट लावून ठेवलं आणि खाली आले. दुसऱ्या दिवशी वनजाला बघायला सांगितलं. मुलांनी उधळलं होतं. बरोबरच आहे, मुलांची खोली आहे ती.

तू योग्य केलंस. पुन्हा तीच वेळ आली असती तरी मी तुलाच बोलावलं असतं. रडत लिहू नकोस म्हणून वनजाला सांगितलं तर म्हणते, मी कुठे, तुम्हीच. अक्षर पसरलं असेल तर ते तिचं पाणी, माझं नव्हे.

दिवाळीला येणाऱ्या माणसाबरोबर तोडदेव पाठव. मडक्याच्या पाठीवर कागदासारखे पातळ गोड घावन निघतात तसे, काकवीचे. सासूबाईंना करू दे, तुझे जाड होतात. केळीच्या पानांत बांध, नाहीतर वाटेत चुरा होतो. आणि एक पुडी वेगळी बांधून पाठव, वेलची न घालता. घरातली पाचही मुलं वेलची आवडीनं खातात. गिरिजाला मात्र तिचा वास सोसत नसे. ती पुडी कुणी खाणार नाही, हे मला समजतं. तरी कर.

अम्मा (हळदीचं बोट)